इंग्रजी येते, आता ती नेमकी कशी करावी?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकवली जाते आणि त्याआधीची पिढीही ती पाचवीपासून शिकत आली. त्यामुळे तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पदवीधराला, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा ताडोब्याच्या मोहर्ली दारावरून पर्यटकांना जंगल दाखवायला नेणाऱ्या गाइडला इंग्रजी येत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. वाचलेले कळते, अर्ज लिहिता येतो, बोलून काम भागते. अडचण असते ती त्यापुढची. वाक्य समोरच्याला समजते, पण ते वाचताना किंवा ऐकताना कुठेतरी खटकते, आणि नेमके काय खटकले हे व्याकरणाच्या पुस्तकातून सापडत नाही, कारण बाजारातली बहुतेक पुस्तके शिकणाऱ्याची मातृभाषा कोणती याचा विचार न करता लिहिलेली असतात.

या टप्प्यावरच्या बहुतेक चुका म्हणजे इंग्रजी शब्दांत मांडलेले बिनचूक मराठी वाक्य असते, असे माझे मत आहे. म्हणून इंग्रजीचे नियम पुन्हा पहिल्यापासून पाठ करत बसण्यापेक्षा मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा कोणत्या ठिकाणी वेगळ्या होतात, ती ठिकाणे ओळखावीत आणि तिथेच मेहनत घ्यावी. त्यासाठी एक वही ठेवावी व पानाचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात आपण लिहिलेले किंवा बोललेले इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात ते ज्या मराठी वाक्यावरून आले ते वाक्य आणि तिसऱ्यात दुरुस्त केलेले इंग्रजी वाक्य लिहावे. मधला भाग अनेकांना वायफळ वाटतो, पण चुकीचे मूळ तिथेच दिसते. तो गाळला तर वही म्हणजे केवळ चुकांची यादी होते.

क्रियापदाचे काळ

सर्वांत जास्त लक्ष काळांकडे द्यावे. ‘मी काल अमरावतीला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे; जाऊन आलो, ती गोष्ट संपली, एवढेच त्यातल्या ‘होतो’मधून सुचते. याच वळणाने आपण ‘आय हॅड गॉन टू अमरावती यस्टरडे’ असे लिहितो. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ हे रूप येते ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवण्यासाठी: ‘व्हेन आय रीच्ड द बस स्टँड, द लास्ट बस हॅड लेफ्ट’. स्टँडवर पोहोचणे ही नंतरची घटना आणि गाडी सुटणे ही आधीची. म्हणून कसोटी सोपी आहे. ‘हॅड’ लिहिले की त्या वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात त्याच्यानंतर घडलेली दुसरी भूतकाळी घटना आहे का, ते पाहावे. नसेल, तर ‘हॅड’ काढून टाकावे आणि ‘आय वेंट टू अमरावती यस्टरडे’ असे साधे वाक्य ठेवावे. मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनातले निम्मे ‘हॅड’ तरी या कसोटीवर टिकणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘हॅव’. ‘मी सोमवारी अर्ज दिला आहे’ असे आपण म्हणतो आणि त्यात काही वावगे नसते. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म’ हे ठीक, ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे’ हेही ठीक, पण या दोहोंची मिसळ केलेले ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे’ चालत नाही. ‘हॅव’चे नाते वर्तमानाशी असते, काल, सोमवारी, २०१९ मध्ये, मागच्या हंगामात असा संपलेला काळ नेमकेपणाने सांगितला की ते नाते तुटते.

‘पासून’ या एका शब्दयोगी अव्ययाने आपण दोन कामे करतो: ‘२०१५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’. इंग्रजीत काळाचा आरंभबिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ वापरतात. त्याहून महत्त्वाचे असे की, आधी सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत तो पुरत नाही. ‘मी दहा वर्षांपासून या शाळेत शिकवतो’ याचे ‘आय ॲम टीचिंग इन दिस स्कूल सिन्स टेन इयर्स’ असे जे रूप आपल्याकडे सर्रास ऐकू येते, त्यात दोन्ही चुका एकदम आहेत. ‘आय हॅव बीन टीचिंग इन दिस स्कूल फॉर टेन इयर्स’ हे वाक्य तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणावे आणि मग त्यात स्वतःचे गाव, काम व वर्षे घालून त्याची वेगवेगळी रूपे करावीत.

आता खास आपल्या भागातली गोष्ट. वऱ्हाडीत आणि नागपुरी बोलीत ‘जातो’ आणि ‘जाऊन रायलो’ ही दोन रूपे स्वच्छ वेगळी आहेत. पहिले रूप सवयीचे, दुसरे या क्षणी चाललेल्या क्रियेचे. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ हे एकच रूप दोन्हींसाठी अनेकदा वापरले जाते. म्हणजे ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांतला फरक वऱ्हाडी बोलणाऱ्याला पुण्याच्या माणसापेक्षा आधी उमगायला हवा; ज्या बोलीला शाळेत अशुद्ध ठरवले जाते, तिचा इथे थेट उपयोग होतो. अडचण एवढीच की आपण ‘मले समजून नाही रायलं’, ‘मले आठवून रायलं’ असेही म्हणतो आणि त्यावरून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ तयार होते. मनाची स्थिती किंवा मालकी सांगणारी क्रियापदे इंग्रजीत सहसा ‘आयएनजी’ रूप घेत नाहीत. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, वॉन्ट, नीड, लाइक, बिलाँग, ओन ही त्यांतली रोजची क्रियापदे पाठच करावीत. ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे असा असेल तर ‘आय हॅव फोर एकर्स’ असेच म्हणावे लागते. अर्थ जेवणे असा असेल, तर ती क्रिया आहे आणि ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर ठरते. ‘थिंक’चेही तसेच आहे: मत सांगताना ‘आय थिंक’, विचार चालू असताना ‘आय ॲम थिंकिंग’.

भविष्यकाळाबद्दल थोडेच सांगायचे आहे. ‘उद्या येतो’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून ‘आय कम टुमॉरो’ होते. ‘आय विल कम’ किंवा बेत ठरलेला असल्यास ‘आय ॲम कमिंग टुमॉरो’ म्हणावे. जर-तरच्या वाक्यात ‘इफ’च्या भागात ‘विल’ सहसा येत नाही: ‘इफ इट रेन्स, वी विल सो द सोयाबीन’.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’

मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती कुठे घालावीत यापेक्षा ती आहेत हेच आपण विसरतो. ऐकणाऱ्याला कोणती वस्तू हे आधीच माहीत असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’ हे सूत्र बहुतेक जागी पुरते. एखादी गोष्ट प्रथम सांगताना ‘अ’ आणि पुन्हा तिचा उल्लेख आला की ‘द’. मोजता न येणाऱ्या वस्तूबद्दल सर्वसाधारण विधान करताना काहीच नको: ‘कॉटन इज ग्रोन इन यवतमाळ’, पण ठराविक कापसाबद्दल बोलताना ‘द कॉटन वी सोल्ड लास्ट वीक’.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. म्हणून ‘ॲन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’, आणि आपल्या रोजच्या वापरातले ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एमपीएससी एक्झाम’. एसटीतले पहिले अक्षर व्यंजन असले तरी त्याचा उच्चार ‘ए’ या स्वराने सुरू होतो.

नद्यांच्या नावांआधी ‘द’ लागते. गावे, जिल्हे आणि तलाव यांच्या नावांआधी लागत नाही. वर्धा हे या नियमाचे उत्तम उदाहरण आहे. ‘वी क्रॉस्ड द वर्धा’ म्हटले की नदी ओलांडली. ‘वी लिव्ह इन वर्धा’ म्हटले की गाव किंवा जिल्हा. तसेच ‘द वैनगंगा’, ‘द पूर्णा’, पण ‘लोणार लेक’.

संख्या आणि आदर

‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले’ असे कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद आपले लहान मूलही न चुकता वापरते. एवढी गुंतागुंत ज्याला जमते, त्याला ‘ही गोज’मधला ‘एस’ अवघड जाण्याचे कारण नाही. तिथे केवळ दुर्लक्ष होते. खरी गफलत आदरार्थी अनेकवचनाने होते. ‘बाबा आले आहेत’, ‘सर शिकवतात’ यांवरून ‘माय फादर हॅव कम’, ‘सर टीच अस’ अशी वाक्ये तयार होतात. इंग्रजीत आदरामुळे वचन बदलत नाही. वडील कितीही थोर असले तरी ‘माय फादर हॅज कम’ असेच म्हणायचे.

काही नामे मराठीत अनेकवचनी होतात, इंग्रजीत होत नाहीत. केस पांढरे झाले तरी ‘हेअर’ला ‘एस’ लागत नाही. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क हे शब्दही असेच एकवचनी राहतात. एक सल्ला म्हणायचे तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे लागते. उलट ‘वन ऑफ माय’नंतर नाम नेहमी अनेकवचनीच हवे: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’.

शब्दांच्या जोड्या

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये जे काम करतात, ते इंग्रजीत प्रीपोझिशन करते, पण एकास एक जुळणी होत नाही. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’ नव्हे, ‘अँग्री विथ मी’; ‘तिच्याशी लग्न झाले’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’ नव्हे, ‘मॅरीड टू हर’; ‘मला समजावून सांगा’ म्हणून ‘एक्सप्लेन मी’ नव्हे, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ आणि नागपूरला पोहोचताना ‘रीच’नंतर ‘टू’ लागत नाही. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत ती विद्यार्थी ‘टेक’ करतो. आपण दिवा आणि पंखा बंद करतो, इंग्रजीत ‘क्लोज’ होते ते दार, दिवा ‘टर्न ऑफ’ होतो.

या जोड्या नियमांनी सुटत नाहीत, त्यासाठी योग्य शब्दकोश लागतो. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, वापर सांगत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे परभाषक विद्यार्थ्यांसाठी बनवलेले कोश इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. लाँगमनच्या कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांच्या आधाराने लिहिलेल्या असतात, त्यामुळे अर्थ समजण्यासाठी दुसरा कोश उघडावा लागत नाही. अशा कोशात नुसता अर्थ वाचून पान मिटू नये. नाम मोजता येते की नाही, क्रियापदानंतर कोणते प्रीपोझिशन येते, शब्दाच्या कोणत्या भागावर जोर आहे आणि उदाहरणाच्या वाक्यात शेजारी कोणते शब्द आले आहेत, हे चारही पाहावे. ओळखीच्या शब्दांसाठी कोश उघडण्याची सवय लावून घेतली तर सर्वांत जास्त फायदा होतो, कारण चुका अनोळखी शब्दांत कमी आणि रोजच्या शब्दांत जास्त होतात.

‘च’, ‘ना’ आणि ‘हो’

‘मी इथेच आहे’, ‘आजच पाठवतो’ यांतल्या ‘च’ला इंग्रजीत थेट प्रतिशब्द नाही, म्हणून आपण ‘आय ॲम हिअर ओन्ली’, ‘टुडे इटसेल्फ’ असे म्हणतो. बोलताना इंग्रजी भाषक बहुधा त्या शब्दावर आवाजाचा जोर देऊन हे काम भागवतो. लिहिताना ‘राइट हिअर’ किंवा ‘धिस व्हेरी डे’ अशी रचना करता येते, आणि पुष्कळदा ‘च’ सोडून दिला तरी काही बिघडत नाही.

वाक्याअखेरचा ‘ना?’ सर्वत्र एकच असतो, त्यामुळे ‘इझन्ट इट’ही आपण सर्वत्र एकच लावतो. इंग्रजीत तो शेवट वाक्यातल्या क्रियापदाप्रमाणे बदलतो: ‘यू केम बाय बस, डिडन्ट यू?’ हे जमत नसेल तर नुसते ‘राइट?’ म्हणावे.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर मात्र खरोखरच गैरसमज घडवते. पर्यटक विचारतो, ‘यू हॅवन्ट सीन अ टायगर टुडे?’ आपण मनात ‘हो, नाही दिसला’ म्हणतो आणि तोंडाने ‘येस’ म्हणतो. मराठीत ‘हो’ म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीत मात्र ‘येस’नंतर होकारार्थी वाक्य आणि ‘नो’नंतर नकारार्थी वाक्यच येते, त्यामुळे पाहुण्याला वाटते की वाघ दिसला. वाघ दिसलेला नसेल तर उत्तर ‘नो, आय हॅवन्ट’ असे द्यावे. प्रश्न कसा विचारला होता हे विसरून केवळ घडलेल्या गोष्टीकडे पाहिले, तर उत्तर चुकत नाही.

उच्चार

उच्चारात सगळेच सुधारण्याचा हट्ट धरू नये. आपले ट आणि ड जीभ मागे वळवून होतात, इंग्रजीतले हिरड्यांपाशी होतात. पण त्यामुळे कोणाचा गैरसमज होत नाही, म्हणून तो फरक शेवटी ठेवला तरी चालेल. आधी दोन ध्वनी दुरुस्त करावेत. मराठी लिहिताना आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असा फरक करतो, पण बोलताना दोन्हीकडे एकच व येतो. ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवावेत आणि त्यात ह मिसळू नये, ‘वॉटर’साठी ओठांचा गोल करावा, दात लागू देऊ नयेत. ‘झिरो’मध्ये आपला महाप्राण झ येतो. त्याऐवजी लांब स म्हणत राहावे, गळ्याला हात लावून आवाज घुमू द्यावा, म्हणजे हवा तो ध्वनी मिळतो.

त्यापेक्षाही महत्त्वाचा आहे शब्दातला आघात. मराठीत अक्षरे साधारण सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत एक अक्षर ठळक असते आणि बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. ‘हॉटेल’, ‘डेव्हलप’ आणि ‘कमिटी’ या तिन्ही शब्दांत जोर दुसऱ्या अक्षरावर आहे, पहिल्यावर नव्हे. दबलेल्या अक्षरांतला स्वर बहुधा आपल्या अ सारखा होतो, म्हणून ‘फोटोग्राफर’चा उच्चार ‘फटॉग्रफर’च्या जवळ जातो. हा स्वर आपल्याला नवा नाही. तो लिपीतल्या प्रत्येक साध्या व्यंजनात असतो. देवनागरीत लिहिलेला ‘फोटोग्राफर’ वाचून तीन ठसठशीत स्वर उच्चारायची सवय तेवढी सोडावी लागते.

सौजन्य आणि औचित्य

मराठीत ‘आपण’ म्हटले आणि क्रियापद अनेकवचनी केले की आदर पोहोचतो. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे, आणि आज्ञार्थाला ‘प्लीज’ जोडले तरी ती मऊ शब्दांतली आज्ञाच राहते. ‘प्लीज गिव्ह मी द फॉर्म’ऐवजी ‘कुड आय हॅव द फॉर्म?’, ‘आय वॉन्ट लीव्ह’ऐवजी ‘आय वुड लाइक टू टेक लीव्ह’ म्हणावे. इंग्रजीत सौजन्य अशा प्रश्नार्थक आणि आडवळणाच्या रचनेत असते. दर वाक्यात ‘सर’ घातल्याने ते साधत नाही.

‘डू द नीडफुल’, ‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे प्रयोग भारतीय कार्यालयांत रुळलेले आहेत आणि तहसीलला किंवा पंचायत समितीला लिहिलेल्या पत्रात ते चालतात. त्यांना चूक म्हणण्याचे मला तरी कारण दिसत नाही. पण सेवाग्रामला आलेल्या परदेशी पाहुण्याशी बोलताना ते टाळावेत. ‘आय पास्ड आउट इन २०१८’ ऐकून त्या वर्षी आपण बेशुद्ध पडलो होतो असे त्याला वाटेल. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. ‘आय हॅव अ डाउट’ हेही तसेच: शंका विचारायची असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’. पत्राचा मायना ‘डिअर सर’ असा असेल तर ब्रिटिश पद्धतीने शेवट ‘युअर्स फेथफुली’, आणि नावाने संबोधले असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’.

सराव

गावात इंग्रजी बोलायला माणूस मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण बारकाव्यांसाठी एकट्याने करण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. राणी एलिझाबेथ पहिली हिचे शिक्षक रॉजर ॲशम यांनी सोळाव्या शतकात लॅटिन शिकण्यासाठी दुहेरी भाषांतराची रीत सांगितली होती. ती आपल्याला जशीच्या तशी वापरता येते. इंग्रजी वर्तमानपत्रातला पाच-सहा वाक्यांचा मजकूर घ्यावा, त्याचे सहज मराठी करावे आणि मूळ मजकूर झाकून ठेवावा. दोन दिवसांनी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहावी आणि मूळ मजकुराशी शब्दाला शब्द लावून पाहावी. जिथे फरक पडेल, तिथे बहुधा एखादे उपपद गळलेले, एखादे ‘हॅड’ जास्तीचे आलेले किंवा प्रीपोझिशन बदललेले आढळेल. ती वाक्ये तीन भागांच्या वहीत जावीत. मजकूर निवडताना अग्रलेख घेऊ नये, त्यातली भाषा मुद्दाम सजवलेली असते. पीक, पाऊस, बाजारभाव, अपघात यांची साधी बातमी घ्यावी.

ऐकण्यासाठी आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र पुरेसे आहे, कारण निवेदक सावकाश आणि स्पष्ट बोलतो. मात्र ते भारतीय उच्चाराचे असल्याने अधूनमधून बीबीसीही ऐकावी. दोन वाक्ये ऐकून थांबवावीत, फोनवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत आणि दोन्ही लागोपाठ ऐकावीत. पहिल्या वेळी फक्त आघाताकडे लक्ष द्यावे, दुसऱ्या वेळी व्ह आणि व कडे. सगळे एकदम ऐकायला गेले की काहीच ऐकू येत नाही.

वहीत वीस-पंचवीस चुका जमल्या की त्यांची विभागणी करावी. बहुतेकांच्या बाबतीत त्या तीन-चार प्रकारांतच मोडतात, आणि ते प्रकार प्रत्येकाचे वेगळे असतात: कुणाला उपपदे छळतात, कुणाला काळ. आपला सर्वांत मोठा प्रकार निवडून पुढचा महिनाभर लिहिलेला प्रत्येक मजकूर पाठवण्यापूर्वी फक्त त्याच एका चुकीसाठी एकदा वेगळा वाचावा, आणि ती चूक सापडेनाशी झाली की पुढचा प्रकार घ्यावा.